नव्या डिस्कचा क्रमांक

स्क्रू इतका बारीक, की बोटाच्या पेरावर तो आहे की नाही हे डोळ्यांनीच ठरवावं लागत होतं – चष्मा कपाळावर सरकवून, श्वास धरून तिने तो एकदाचा बसवला. नवी डिस्क संगणकात जागेवर. जुनी शेजारी केबलला जोडलेली, अजून कटकटत होती. आठवडाभर तो आवाज ऐकत ती भाषांतर करत होती, आणि अर्धं पुस्तक त्या डिस्कवरच होतं.

अख्खं लिनक्स – संगणक चालवणारी ती फुकटची प्रणाली – नव्या डिस्कवर उतरायला दोन तास लागले. आता एकच फाइल राहिली – मशीन सुरू होताना कुठली डिस्क धरायची, ते सांगणारी. तिने ती उघडली, आणि वरच धाकट्या भावाने लिहून ठेवलेलं...

‘ताई, डिस्क बदललीस तर खालचा लांबलचक क्रमांक बदल, नाहीतर हे जुनीच शोधत बसेल. डोकं फिरलं तर मला फोन कर.’

सात वर्षांपूर्वीचं. ह्याच खुर्चीत मांडी घालून लिनक्स बसवत बसला होता, चहा पार निवून गेलेला, आणि वर तिलाच बजावत होता, “फुकट मिळालं म्हणून हलकं समजू नकोस हं.” मग आईचं आजारपण – तो आला, पण सगळं आटोपल्यावर, आणि दारातच तिने म्हटलं, “आता कशाला आलास?” तीनच शब्द. बॅग खाली न ठेवताच तो वळला. त्याला वेळेवर तिकीटच मिळालं नव्हतं, हे महिन्याभराने भावजयीकडून कळलं... तेव्हाच फोन करायचा. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

तिने नवा क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून लिहिला. प्रुफं तपासण्यात जन्म गेलेला. चूक होणार कशी? जुनीची केबल काढली, बटण दाबलं. काळा पडदा, भराभर ओळी... आणि तिचा नेहमीचा पडदा, कालच्या अर्ध्या वाक्यासकट.

“झालं का?” नवऱ्याने आतून विचारलं.

“झालं.”

“पहिल्याच फटक्यात? मग भावाला विचारायला नको आता.”

“नको,” ती म्हणाली.

खोली एकदम शांत होती. पुस्तक बचावलं होतं, ह्याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल – पण कुठेतरी एखादा अंक चुकायला हवा होता, असं वाटत राहिलं. काय विचारायचं आता त्याला? काहीच अडलेलं नाही... काही अडलेलं नसताना फोन केला, तर तो काय म्हणेल?