पहिल्या रांगेतलं हसू

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. लॉस एंजेलिसच्या एका संग्रहालयात काचेआड असतो. शेजारच्या पाटीवर माझं कौतुक लिहिलंय. कुणी ते मोठ्याने वाचलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

क्यूबाहून आलेल्या एवेलियो कार्मोनाने मला प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलं. तो मूळचा ढोलवादक, आता विनोदी नट. टीव्ही तेव्हा नवा होता. विनोदी मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर सलग खेळायची आणि तीन कॅमेऱ्यांनी एकदम टिपायची, असा हट्ट त्याने धरला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. ढोल बडवणारा आता आम्हाला शिकवणार, असं ध्वनियंत्रज्ञ हॅरोल्ड माझ्या तारा जोडताना पुटपुटायचा. पण मालिका अशी गाजली की सगळे तिचाच कित्ता गिरवू लागले.

पहिल्या रांगेत, नेमकी माझ्याखाली, एवेलियोची आई ओफेलिया बसायची. येताना सगळ्यांसाठी पेरूच्या जेलीचे पफ आणायची. तिला इंग्रजी कळत नव्हतं. ती लेकाचा चेहरा बघून हसायची, म्हणून तिचं हसू विनोदाच्या आधीच फुटायचं. मी ते इमानेइतबारे टिपायचो आणि एवेलियोचे शब्द त्यात बुडायचे. जरा बहिरा असतो तर बरं झालं असतं.

हॅरोल्डने एवेलियोला ते ऐकवलं. एवेलियो खाली मान घालून आईजवळ आला.

"आई, पुढच्या वेळेपासून तू घरीच बघ. टीव्हीवर जास्त छान दिसतं."

"दिसेल रे. पण तिथून मी हसलेलं तुला ऐकू येईल का?"

ती पुन्हा कधी आली नाही.

तिचं ध्वनिफितीतून कापून काढलेलं हसू मात्र हॅरोल्डने जपून ठेवलं. प्रेक्षकांशिवाय केलेल्या मालिकांना तो ते जोडू लागला. ओफेलिया वारली, त्यानंतरची गोष्ट. माझ्यासमोरच्या मंचावर बसून हॅरोल्ड कुणाच्या तरी रटाळ विनोदाला हसू जोडत होता. तिथून जाणारा एवेलियो थबकला. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"हॅरोल्ड, पुन्हा लाव ते."

हॅरोल्डने लावलं. विनोद संपला आणि ती हसली.

"बघ, किती वेळेवर हसतेय," एवेलियो म्हणाला, आणि त्या खुर्चीत बसून रडू लागला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण तुमच्याकडे नुसतं बघूनच कुणाला हसू येत असेल, तर त्या माणसाला पुढच्या रांगेतून उठवू नका. तुमचे शब्द बुडाले तर बुडू देत.