झाकणातल्या सह्या

"किती घेता?" डॉक्टर केयूरनी विचारलं, आणि पप्पांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच टाइप करून टाकलं. मी पप्पांच्या खुर्चीमागे उभी होते, तिथून मला स्क्रीन दिसत होता. दारू : हो. बरीच वर्षं.

रुडॉल्फ मिस्किटा, वय सदुसष्ट, राहणार मरोळ गाव, अंधेरी पूर्व. नाव वाचलं, थरथरणारा उजवा हात बघितला, झालं निदान. या नावाच्या माणसाचा हात कशाने थरथरत असणार, हे ठरवायला डॉक्टर तरी कशाला हवा? ते काम आमच्या गल्लीच्या नाक्यावरचा पानवालाही फुकटात करतो.

"मी घेत नाय, डॉक्टर," पप्पा म्हणाले.

"अंकल, डॉक्टरपासून लपवायचं नसतं."

"एक थेंब पण नाय."

डॉक्टर हसले. कुत्सित नाही, चांगलं प्रेमळ हसले, आणि तेच मला जास्त झोंबलं.

हे तिसरे डॉक्टर. पहिल्याने दारू लिहिलं, दुसऱ्याने पहिल्याचा कागद वाचून दारू लिहिलं. एकदा तो शब्द फाईलमध्ये शिरला की पुढे कोणी काही शोधत नाही. मी आज दोन गोष्टींसाठी ऑफिसात अर्धा दिवस टाकून या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आले होते. तो शब्द काढून घ्यायचा आणि पप्पांच्या लघवीत पारा किती आहे ते तपासायला लावायचं. पाऱ्याचं मला शेजारच्या निशाने सुचवलं. ती नर्स आहे. तिने विचारलं, "जेनी, अंकल काय काम करायचे गं?" एवढा साधा प्रश्न. दोन डॉक्टरांना तो सुचला नव्हता.

पप्पा ब्लडप्रेशरची मशिनं दुरुस्त करायचे. ती जुनी, उभ्या पेटीतली, काचेच्या नळीत पारा चढतो ती. पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतचे दवाखाने पप्पांना ओळखायचे. वापरून वापरून पारा मळतो, काळा पडतो, नळीला चिकटतो. पप्पा तो बशीत काढायचे, चामड्याच्या मऊ तुकड्यातून पिळून गाळायचे, नळी धुऊन पुन्हा भरायचे आणि बरोबर शून्यावर आणून सोडायचे. मग झाकणाच्या आत पेन्सिलने तारीख, काय केलं ते, आणि आपली सही. ते कोणी मागितलेलं नव्हतं. पण उद्या मशीन चुकलं तर कोणाला विचारायचं ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं आमच्या मागच्या खोलीत चालायचं. चाळीस वर्षं. शहाबादी फरशीच्या फटींत थेंब जायचे. मम्मी ते जुन्या ख्रिसमस कार्डावर गोळा करून पप्पांना परत द्यायची, मी बशीत पाऱ्याची गोळी फिरवत खेळायचे. मम्मीच्या लग्नाच्या अंगठीला एकदा पारा लागला आणि सोनं पांढरं पडलं. सोनाराने तापवून तिचा रंग परत आणला. माणसाला तसं तापवता येत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो होतो, आणि मम्मी आजही त्याच खोलीत झोपते.

पप्पा दारू का पीत नाहीत, तेही सांगते. हात स्थिर राहावा म्हणून. एवढंच कारण. पारा भरताना हात हलला की थेंब सुटतो, म्हणून या माणसाने विसाव्या वर्षापासून दारूच्या ग्लासाला ओठ लावला नाही. आमच्या ख्रिश्चन लग्नांत कोणीतरी नवरा-नवरीबद्दल चार शब्द बोलून, ग्लास उंचावून टोस्ट रेज करतो. गावातल्या निम्म्या लग्नांत ते काम पप्पांकडे असायचं, आणि पप्पांच्या ग्लासात रासबेरीचं लाल सरबत. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी पाच वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या, ॲड्रियनच्या लग्नात ग्लास वर नेताना त्यांचा हात एवढा हलला की रासबेरी नवरीच्या गाऊनवर सांडली. मागून कोणीतरी म्हणालं, "अंकल घरूनच लावून आले." मांडवभर हसू. ज्यांनी तीस वर्षं त्यांना रासबेरी पिताना पाहिलं होतं, तेसुद्धा हसले. त्यानंतर पप्पांनी टोस्ट सोडला. मग लग्नांना जाणं सोडलं. कोणी बघत असलं की त्यांना हात चालवता येईना. गिऱ्हाईक आलं तर मशीन ठेवून जायला सांगायचे आणि दार लावून घ्यायचे. कधीही आवाज न चढवणारा माणूस मम्मीवर बारीकसारीक गोष्टींवरून खेकसायला लागला. हिरड्यांतून रक्त यायचं. दार लावून बसणारा, चिडणारा, थरथरणारा माणूस. गावाला आणखी काय पुरावा हवा होता?

आणि गावाचं कशाला, माझंच सांगते. मीही हुंगलंय त्यांचं तोंड. गुड नाईट म्हणायला वाकायचं आणि हळूच श्वास घ्यायचा. एकदा ते चर्चमध्ये मासला गेले असताना मी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, फडक्यामागे, ब्रँडीची क्वार्टर होती. मला रडूच फुटलं. बाटली उचलायला गेले तर एका हाताने उचलेना. अडीच किलो तरी वजन असेल. आत काठोकाठ पारा. जाड काचेची म्हणून पप्पांनी ती भंगारवाल्याकडून आणली होती. मी बाटली जागेवर ठेवली आणि देवाचे आभार मानले. दारू नाही, नुसता पारा आहे, म्हणून मी त्या दिवशी शांत झोपले. डॉक्टरांवर संतापायला मला तोंड नाही. तरी मी संतापणार आहे.

तर डॉक्टर केयूरना मी पाऱ्याचं सांगितलं, त्यानेही हात थरथरतो, हिरड्यांतून रक्त येतं, माणूस चिडका होतो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, दारूनेही अगदी असंच होतं, हे कॉमन आहे, पाऱ्याचं फार रेअर, उगाच टेस्ट करून काय उपयोग. मग बोलता बोलता त्यांनी बाजूची पेटी पुढे ओढली. राखाडी, उभी, पाऱ्याची. "सगळीकडे डिजिटल आलंय," ते म्हणाले, "पण माझा विश्वास यावरच. पारा खोटं बोलत नाही." आणि पप्पांच्या दंडाला पट्टा गुंडाळू लागले.

पप्पा नळीकडे बघत होते. हवा भरली, सोडली, पारा खाली आला. एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी, डॉक्टरांनी टाइप केलं.

"एकशे चाळीस लिवा," पप्पा म्हणाले. "पारा शून्याच्या खाली बसलाय. चार कमी दाखवतंय."

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं. पारा खरंच खाली होता. ते काही बोलायच्या आत मी पेटी माझ्याकडे वळवली, कारण झाकणाच्या आतली पेन्सिल मला दिसली होती.

आठ सह्या होत्या. पहिली १९८९ची. पारा गाळला, नळी धुतली, आर. मिस्किटा. शाळेच्या कित्त्यात शोभावं असं अक्षर, इंग्रजी सहीतल्या एमची शेवटची रेघ ऐटीत वर नेलेली. ९३ची तशीच. ९८च्या सहीत ती रेघ जरा अडखळली होती. २००४ला अक्षर मोठं झालं होतं, २०१०ला ओळ सोडून घसरलं होतं. शेवटची २०१९ची. तारीख कशीबशी लागत होती, नावाच्या जागी नुसत्या करवतीच्या दात्यांसारख्या रेघा होत्या. एका वीतभर पत्र्यावर माझ्या बापाचा हात तीस वर्षं बिघडत गेलेला होता, आणि डॉक्टर रोज ते झाकण उघडत होते.

"वाचा," मी म्हटलं. "वरून खाली वाचा."

त्यांनी वाचलं. एकदा पप्पांच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे अल्कोहोलनेही होऊ शकतं."

माझा हात उठला नाही एवढंच. पण पप्पांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते पेटीच्या तळाशी बोट नेऊन बघत होते.

"मी भरून दिलं तेव्हा शून्यावर होतं," ते म्हणाले. "चार खाली आलं म्हंजे पारा गळतोय."

"गळून जातो कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"जात नाय कुठं. हितंच आसल. तुमच्या टेबलावर, खाली फरशीत. उकाड्यात त्याची वाफ होते, ती आपण घेतो."

डॉक्टर केयूरनी खुर्ची मागे ढकलली. भिंतीला लागेपर्यंत ढकलली. वाकून टेबलाखाली पाहिलं, दोन्ही पाय उचलून घेतले. मग बेल. सिस्टर माधुरी आल्या. खिडकी उघडा, एसी बंद करा, बाहेरचे पेशंट दुसऱ्या खोलीत पाठवा, हे मशीन पिशवीत बंद करा, मेंटेनन्सला बोलवा. आपण इथे ड्यूटीला लागल्यापासून हेच मशीन टेबलावर आहे का, असंही त्यांनी सिस्टरना विचारलं. पाच मिनिटं लागली. चाळीस वर्षं जो माणूस हेच हुंगत बसला, त्याच्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. टेबलाखालच्या न दिसणाऱ्या थेंबावर मात्र लगेच बसला.

"आता टेस्ट लिहिता ना?" मी विचारलं.

त्यांनी लिहिली. माझ्याकडे न बघता लिहिली. सँपल बाहेरच्या लॅबला जाईल म्हणाले.

"आणि ती दारूची ओळ काढा."

"एकदा सबमिट झालं की सिस्टीममधून निघत नाही. खाली नोट टाकतो." त्यांनी टाकली. पेशंट दारू घेत असल्याचं नाकारतो. नाकारतो, म्हणे. चोर चोरी नाकारतो तसं. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पांनी माझ्या हाताला धरलं.

"ऱ्हाऊ दे, जेनी," ते म्हणाले, आणि डॉक्टरांकडे वळून, "मना जरा पेन्सिल द्या."

सिस्टर जाड पिवळी पिशवी उघडून उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, अंकल, त्याला हात लावू नका, विषारी असतं. हे ते पप्पांना सांगत होते. पप्पांनी ऐकल्यासारखं केलं आणि झाकण आपल्याकडे ओढलं.

कोणी बघत असलं की पप्पांना हात चालवता येत नाही, हे मी सांगितलंच आहे. इथे आम्ही तिघं बघत होतो, आणि उघड्या दारातून रांगेतले चारजण. पेन्सिल पत्र्यावर टेकली आणि टकटक वाजू लागली. मी त्यांचं मनगट धरायला पुढे झाले.

"नको," ते म्हणाले.

मग मी नुसतं झाकण धरलं. आधी तारीख झाली. मग, पारा गळतो, वापरू नये. एकेका अक्षराला वेळ लागत होता. एकदा पेन्सिल सुटून खाली पडली. डॉक्टरांनी वाकून उचलली आणि परत दिली. बाहेर कोणीतरी नंबर कधी लागणार म्हणून विचारत होतं. पप्पांनी सही केली आणि एमची शेवटची रेघ, चारदा घसरली तरी, वर नेली.

नाव वाचता येत नव्हतं. पण वरच्या आठ सह्या क्रमाने वाचत आलं, की नववी कोणाची ते कळत होतं.