मार्थाचा क्रूस

मार्थाला माती देऊन महिना झाला, तरी तिच्या क्रुसावर नाव पडलं नव्हतं.

अमरावतीच्या वेशीबाहेर मिशनचं अनाथघर होतं आणि तिथल्या चुलीवर पार्बताबाईचं राज्य होतं. तशी ती पगारीच, पण तिच्यासमोर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी आधीचे पाद्रीसाहेब तिला रिबेका करायला निघाले, तेव्हा ती ओल्या डोक्यानं म्हणाली होती, "देव मले पार्बती म्हनून ओयखते. त्याले कायले घोटाळ्यात टाकता?" झालं, ती पार्बताबाईच राहिली.

मार्था तिच्याच मांडीवर वाढली. नाळही सुकली नव्हती तेव्हा फाटकापाशी सापडलेली पोर. समुद्रापलीकडच्या एका गावच्या ख्रिस्ती मंडळीनं तिच्या खर्चाचा भार घेतला, आणि नावही तिकडूनच आलं. पाचव्या वर्षी पटकीनं पोर गेली.

त्याच सुमाराला तेवढ्याच वयाची माणिक आली. समुद्रापार कुठे लढाई जुंपली होती म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्यानं त्यानं कापूसच पेरला, ज्वारी महागली आणि ज्यांना शेत नव्हतं ते गाव सोडून निघाले. अकोटहून अशीच निघालेली माणिकची माय वाटेतच संपली. गाडीवानांनी पोर मिशनच्या दारात आणून सोडली.

एका सकाळी पाद्रीसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मराठी ते पुस्तकातून शिकलेले.

"पार्बताबाई, आजपासून या मुलीला मार्था म्हणत जा."

"काऊन? नाव हाये तिले."

"तिकडची मंडळी मार्थासाठी पैसे पाठवते. मार्था वारली असे कळवले तर पैसे थांबतील. मग हिला कशावर ठेवू? एका मुलीचे पोट भरेल, आणि कोणाचे काही जाणार नाही."

पार्बताबाईचा हात भाकरीवरच थांबला. "म्हनून त्या क्रुसावर नाव नाई?"

साहेब खाली बघू लागले. माणूस वाईट नव्हता. पटकीत पोरांची ओकारी त्यांनी स्वतः काढली होती.

"कोनाचं काई जात कसं नाई, साहेब? त्या लेकराजवळ एक नावच होतं, ते बी काढून घेता. हिच्याजवळ मायनं देल्लेलं नाव तेवढं उरलं, ते बी पुसता. अन् ते तिकडचे भोळे लोक मेलेल्या पोरीसाठी औक्ष मागत राह्यतीन."

"मग हिची ज्वारी कोण देईल?"

"हिची ज्वारी माह्याकडं लागली."

"कापसाची वेचणी संपेपर्यंत थांबतो," साहेब म्हणाले. "तोवर तिकडे काहीच कळवत नाही."

पार्बताबाई बोलून तर गेली, पण साहेब वळल्यावर तिनं बोटांवर हिशेब मांडला. आपला पगार तो किती.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर तिनं मंडळीतल्या बाया अडवल्या आणि माणिकसाठी कापूस वेचायला चला म्हणाली.

"साहेब पोसते आपल्या पोरायले," मैनाबाई म्हणाली. "आता आपण साहेबाले पोसाचं का?"

"साहेबाले नाई. माणिकले. अन् पोसली त आपली होईन, नाई त तिकडच्यायची."

दुसऱ्या दिवशी सगळ्या नांदगावला नत्थुजी पाटलाच्या शेतावर हजर. वेचणीची मजुरी पैशात नसे. दिवसभर जे वेचलं त्यातला वाटा संध्याकाळी बाईच्या पदरात पडे, आणि त्या सालात तो वाटा म्हणजे चांदीच.

पाटील बांधावर हसले. "मिशनच्या बाया मजुरीले? तुमच्या साहेबाचा देव थकला का, पार्बताबाई?"

"देव धडधाकट हाये, पाटील. हात आमचे बी हायेत."

"या मंग. कापूस कोनं वेचला, हे काई गठुडं सांगत नाई."

पोटापुरतं घरी नेऊन बायांनी उरलेला वाटा नांदगावलाच साठवत ठेवला. बोंडांच्या काट्यांनी बोटं फाटली. मैनाबाई रोज कुरकुरली आणि सगळ्यांत जास्त तिनंच वेचलं.

वेचणी सरली. उन्हं कलताना साहेब व्हरांड्यात बसले होते. नांदगावच्या वाटेनं बाया येताना दिसल्या, एकीमागे एक, डोक्यावर पांढरी गठुडी, माना ताठ. त्या थेट प्रार्थनाघरात शिरल्या आणि त्यांनी वेदीपुढे ढीग घातला.

साहेब मागोमाग आले. "एवढा कापूस? कोणाकडे मागितलात?"

"मागितला नाई," पार्बताबाई म्हणाली. "वेचला."

साहेबांनी ढिगाला हात लावला. मग ते खाली बसले, वेदीपुढे नाही, कापसापुढे. "मी उद्याच तिकडे खरे ते कळवतो," ते हळूच म्हणाले. पैसे बंद झाले तर, हे त्यांनी विचारलं नाही, आणि पार्बताबाईनंही काढलं नाही. पुढच्या वर्षीही कापूस फुटणारच होता.

सकाळी ती भाकरी थापत असताना स्मशानाच्या अंगानं ठकठक ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर साहेब गुडघ्यांवर बसून पटाशीनं क्रुसावर अक्षरं कोरत होते. कपाळाचा घाम पुसून त्यांनी मागे वळून हाक दिली, "माणिक, जरा पाणी आण."

"आनतो," असं म्हणत पोर तांब्या घेऊन धावली.

त्या दिवशी पार्बताबाईची भाकर परातीएवढी झाली.