काचा न फोडणारं शस्त्र

आमोद वॉचमनच्या केबिनच्या छपरावर बसला होता आणि खाली सात-आठ मेलेली माणसं त्याच्याकडे हात उंचावून घुटमळत होती. हिंजवडीहून तो जिवंत पोचला आणि अडकला कुठे, तर कोथरूडच्या आमच्याच सोसायटीच्या गेटात. छप्पर पत्र्याचं होतं. ते वाकायला लागलं होतं.

आम्ही सगळे पोर्चवरच्या गच्चीत उभे होतो. लांबून मारता येईल असं काहीतरी हवं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. काय हवं, यावर सेक्रेटरी दत्तप्रसाद सरपोतदारांनी तिथेच सभा घेतली. नवरा माझा, म्हणून मला बोलू दिलं. मत मात्र नव्हतं, कारण आम्ही भाडेकरू.

कुसुमकाकूंनी नातवाचा धनुष्यबाण आणला. बाण फरशीवरून उसळून गाड्यांना लागेल, म्हणून तो बाद झाला. योगेशची छर्‍यांची बंदूक आवाज करते आणि वेळ वामकुक्षीची, म्हणून तीही बाद. गलोल चालली असती, पण केबिनच्या पलीकडे भिंतीलगत सरपोतदारांची नवी गाडी उभी होती, सीटवरचं प्लास्टिकही अजून न काढलेली. काका, काच बदलून मिळते, असं मी म्हटलं.

"काळजी आम्हालाही आहे," ते शांतपणे म्हणाले, "पण सोसायटी भावनेवर चालत नाही."

त्यांनाच खाली ढकलावं असं मला अगदी मनापासून वाटलं.

शेवटी आमच्या हॉलमध्ये शोभेला टांगलेली माझ्या आजोबांची गोफण मंजूर झाली, पण एका अटीवर. दगडाऐवजी बटाटे वापरायचे. काच फुटत नाही, शिवाय सगळ्यांनी मिळून मार्केट यार्डातून आणलेलं पोतं होतंच.

योगेशचा पहिला बटाटा एकाच्या कपाळावर बसला. ते आमचे माजी अध्यक्ष. जिवंतपणी ते कुणाचं ऐकत नसत, आताही त्यांनी दुर्लक्षच केलं. पुढचे दोन आमोदलाच लागले. पत्रा करकरला आणि एका बाजूने झुकला. आमोदने माझ्याकडे पाहिलं.

योगेशच्या हातातली गोफण मी ओढून घेतली, कुंडीतला गोटा तिच्यात घातला, माजी अध्यक्षांच्या डोक्यावर नेम धरला आणि सोडला. शेतकर्‍याची नात असले तरी आयुष्यात मी साधी चिमणी हाकलली नव्हती. गोटा त्यांच्या बराच वरून गेला आणि सरपोतदारांच्या गाडीची पुढची काच फोडून आत शिरला.

गाडी बोंबलायला लागली. सगळे मेलेले वळले आणि आवाजाच्या दिशेने खुरडत निघाले. माजी अध्यक्ष तर थेट बॉनेटवर चढले. आमोदने उडी मारली. कुसुमकाकूंनी खाली जाऊन जिन्याचं शटर वर केलं, तो आत आल्याबरोबर पाडलं. मी पायर्‍यांवर त्याला मिठी मारून सगळ्यांसमोर रडले.

सरपोतदार मागोमाग खाली आले.

"ठरावात बटाटे म्हटलं होतं," ते म्हणाले. "शिवाय गोफण चालवायचा अधिकार सभासदांना. आपण आता दुसरी जागा बघा."

"बघते की," मी म्हटलं. "फक्त एक लक्षात ठेवा काका. कुंडीत अजून गोटे आहेत, आणि मी नेम धरते एकीकडे, लागतो भलतीकडेच."

ते दोन पायर्‍या मागे सरकले.