धुक्यात घातलेली गादी

ऑक्टोबर लागला की आमच्या गावात सकाळी कोणी कपडे वाळत घालत नाही. खोरं नदीच्या धुक्याने काठोकाठ भरतं, समोरच्या तोमिए आजींचं दार दिसत नाही. वर गडावर मात्र त्याच वेळी लख्ख ऊन पडलेलं असतं. लांबलांबून माणसं येतात, ढगांवर तरंगणारा गड बघून हरखतात आणि जातात. आम्ही त्या ढगांच्या तळाशी राहतो.

बालवाडीच्या मोठ्या वर्गाची मुलं वर्षातून एकदा तो गड चढतात, आईबापांशिवाय. आईबापांनी घरी राहून एकच काम करायचं, मुलाची गादी गॅलरीत वाळत घालायची. धुकं निवळलं की मुलं तटावर उभी राहून खाली आपापली गादी शोधतात. दिसली की मगच डबा उघडायचा.

माझ्या चिहोला दमा आहे. वसंतातल्या सहलीला ती अर्ध्या वाटेवरून माझ्या पाठीवर बसून परत आली, तेव्हापासून वर्गात तिला ‘आईचं दप्तर’ म्हणतात. यंदा तिने जाहीर केलं होतं, “मी माझ्या पायांनी जाणार. तू पिवळी गादी घाल, ती लांबून दिसते.”

मी हो म्हटलं होतं.

गडावर जायच्या दिवशी पहाटे लाकडाच्या गिरणीत कामावर निघालेल्या शुहेईने, माझ्या नवऱ्याने, दारातच विचारलं, “तू मागे जाणार नाहीस ना?”

“नाही.”

“मग डोंगरातले बूट का बाहेर काढलेस?”

“झाडायला.”

तो हसला आणि गेला. मी बूट झाडले आणि पायात घातले. सगळा हिशोब करून ठेवला होता. चिहो गडाच्या दारापाशी पोचेपर्यंत धुक्यातून मागे राहायचं, मग धावत घरी येऊन गादी घालायची. धुकं निवळायला अवकाश असतो, तेवढ्यात सहज होईल. दम्याचा जादा पंप खिशात. माणसाची चाहूल लागून अस्वलं लांब राहावीत म्हणून डोंगरात बांधतात ती घंटाही पाठपिशवीला होती, पण ती वाजली तर सगळंच फसलं असतं. म्हणून रुमाल कोंबून तिची जीभ घट्ट बांधली. त्या शरदात गावाजवळ दोनदा अस्वल दिसलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी बांधली.

देवळामागून पायवाट सुरू होते. पुढे मुलांच्या घंटांचा किणकिणाट चालला होता. दिसत काहीच नव्हतं. चिहोची घंटा जराशी चेपलेली, बसक्या आवाजाची, मला त्या गोंगाटात वेगळी ऐकू येत होती. ती नीट चालली होती. चढ लागला, घंटा संथ झाली, पण थांबली नाही. माझा जीव त्या आवाजाला टांगलेला. आवाज जरा लांब गेला की मी पावलं उचलायची.

अशीच घाईने उचलली आणि पायाखाली काटकी मोडली.

पुढच्या घंटा एकदम थांबल्या.

“बाई, मागे कुणीतरी आहे,” रांगेच्या शेवटी चालणाऱ्या धाकट्या बाईंचा आवाज आला. “घंटा नाहीये.”

आमच्याकडे बिनघंटेचं पाऊल म्हणजे काय, हे दूधपित्या पोरालाही कळतं.

“पळायचं नाही,” मोठ्या ओगिनो बाई म्हणाल्या, अगदी सकाळची हजेरी घेतल्यासारख्या. “सगळे माझ्याजवळ या. आता गाणं. मोठ्याने.”

मुलं गायला लागली, रडक्या सुरात, ओढून ताणून. आणि त्या गाण्याच्या मधोमध मला खोकला ऐकू आला. चिहोचा. इतका वेळ चढताना नव्हता. मी आणला होता.

थंडीने बधिर झालेल्या बोटांनी मी रुमाल ओढला. घंटा खणखणली.

“माणूस आहे,” ओगिनो बाई म्हणाल्या. “थांबा इथेच, मी बघून येते.”

धुक्यातून आधी त्यांची टोपी आली, मग त्या. माझ्याकडे बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

“चिहोची आई,” त्या हळूच म्हणाल्या, “गादी कोण घालणार?”

“बाई, तिला खोकला लागलाय. हा पंप—”

“पंप माझ्याजवळ आहे. तुम्हीच दिलात, चार पानी सूचनांसकट. पाठ झाल्यात मला.”

“पण तिला जमलं नाही तर?”

“तर मी खाली आणीन. तुम्ही दिसलात तर मात्र ती आत्ताच खाली येईल. तुमच्या पाठीवर.”

मी पंप परत खिशात टाकला. त्या वळून वर गेल्या.

“अळंबी वेचणारे आजोबा आहेत,” त्यांनी मुलांना सांगितलं. “जरा वेंधळे आहेत.”

मुलं हसली. मग पंपाचा ओळखीचा फुसकारा, आणि आणखी एक. मी झाडाला धरून उभी होते. वर जायला पाय शिवशिवत होते.

“काय चिहो,” ओगिनो बाईंनी विचारलं. “परत फिरायचं का?”

“नाही.” आवाज घोगरा होता. “आईनं गादी घातली असेल. बघायला नको का?” मग खाली वळून, ओरडून, “आजोबा, घंटा वाजवत जा. नाहीतर अस्वल समजून मारतील कुणीतरी.”

मी घंटा एकदा हलवली.

“कळलं त्यांना,” चिहो म्हणाली. तिची बसकी घंटा पुन्हा वाजायला लागली. संथ, पण वरच्या दिशेने.

गडाचं दार अजून बरंच वर होतं. तिथवर जायचं मी ठरवलं होतं. मी वळले आणि उतरायला लागले. घंटा आता इतकी वाजत होती की डोंगरातलं प्रत्येक अस्वल जागं झालं असतं. दोनदा घसरले, कोपर सोललं. मागे वळून ऐकायचं नाही असं ठरवलं आणि नाही ऐकलं.

घरी येऊन बुटांसकट जिना चढले. पिवळी गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकली, चिमटे लावले. कठडा ओलाच होता.

“कोण गं ते?” समोरच्या पांढऱ्यातून तोमिए आजींचा आवाज आला. “इतक्या धुक्यात गादी? भिजून गोळा होईल. नऊ तरी वाजू देत.”

“होऊ दे आजी.”

“बालवाडीचा गड का आज? मग पोरांना तरी वर पोचू दे.”

“पोचेल ती,” मी म्हणाले, आणि काठीने गादी झोडपायला लागले.