पालथा जोडा

गजेंद्रनं पालथा पडलेला जोडा उचलून पाटावर पुन्हा सुलटा ठेवला.

पडलेला म्हणायला काय जातं! पाटावर नीट ठेवलेला जोडा आपला आपण पालथा पडत नसतो, आणि खोलीत बाबांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. शेषरावजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर, दोन वर्षांपूर्वी लकव्यानं पाडला तसाच. डावा हात मात्र खाटेच्या कडेवरून खाली आला होता, आणि गजेंद्रच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा पुढे सरकला. त्यानं जोड्याची टाच धरली आणि जोडा पालथा घातला.

"बाबा, असं काहून करून राहिले तुमी?"

बाबा काय बोलणार! लकव्यानं हातासोबत जीभही नेली होती. त्यांनी नुसतं लेकाकडे पाहिलं. ते पाहणं असं होतं, की खिडकी लावायचं निमित्त करून गजेंद्रनं पाठ फिरवली.

पिंपळझिऱ्याचे हे जोडे म्हणजे साधी वस्तू नव्हे. चांदूर बाजारहून परतवाड्याकडे जाताना आत वळलं की हे गाव लागतं, आणि गावाला महंत आणि राजा एकच. सकाळी तो खडावा घालून समाधीची पूजा करतो. दुपारी त्याच खडावा काढून कातडी जोडे घालतो आणि मठाच्या ओसरीवर बसतो. मग शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण असो, पाण्याची पाळी असो, मठाच्या शाळा-कॉलेजातली नेमणूक असो, की निवडणुकीला कुणी उभं राहायचं ते असो, शब्द त्याचाच. पायात खडावा असल्या तर पाया पडायचं, जोडे असले तर अर्ज पुढे करायचा, हे गावातल्या लेकरालाही ठाऊक. महंत बिनलग्नाचा, म्हणून गादीला लेक नाही. खडावा मठाच्या असल्या, तरी जोडे नव्या महंताच्या पायात घालायचे ते गावानं. पाच जुन्या घरांची त्यासाठी पाळी लावलेली. ज्या घराची पाळी, त्याच्या घरी आदल्या दिवशी जोडे तेल लावायला येतात. घरच्या कर्त्या माणसाला नवा महंत पटला नाही, तर त्यानं फक्त जोडा पालथा करून ठेवायचा. सकाळी मठाची माणसं येऊन बघतात. जोडा पालथा दिसला की गादी थांबली, पाचही घरांनी पुन्हा बसायचं. कुणी कधी पालथा ठेवल्याचं ऐकिवात नव्हतं, पण रीत होती.

यंदा पाळी शेषरावजींच्या घराची होती.

आणि शेषरावजींना एक गोष्ट ठाऊक होती, जी त्यांच्या घराबाहेर गावात कुणालाच ठाऊक नव्हती. लकवा यायच्या थोडं आधी म्हातारे महंत त्यांना म्हणाले होते, माझ्यामागं नत्थू. नत्थुजी म्हणजे मेळघाटाच्या पायथ्याहून लहानपणी मठात आलेला, आईबाप नसलेला चेला. महंतांचं शेवटचं दुखणं त्यानंच काढलं. शेषरावजींनी ही गोष्ट त्याच रात्री घरी जेवताना सांगितली होती. गजेंद्र तेव्हा दिवाळीला आलेला होता, बायको भाऊबीजेला माहेरी गेली होती. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यानं "चांगलं केलं" असंही म्हटलं होतं. महंत गावाला आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि गेल्या महिन्यात वारले. आता ते ऐकणाऱ्याला जीभ नव्हती, आणि ज्यांना जीभ होती ते गप्प होते.

गादीवर बसणार होता शिवम. महंतांचा सख्खा पुतण्या. अमरावतीत ठेकेदारी, घरी बायको. आठ दिवसांपूर्वी त्यानं मुंडण केलं, भगवं घातलं आणि झाला की संन्यासी! मुंडण व्हायच्या आधी तो एकदा घरी येऊन गेला होता. खाटेशी खुर्ची ओढून बसला, चहा घेतला, बाबांची विचारपूस केली आणि दाराशी चप्पल घालताना सहज बोलल्यासारखं म्हणाला,

"पायलवहिनीचं जूनपासून पक्कं समजा सर. बाबाचा हात तेवढा लागू द्या."

पायल म्हणजे गजेंद्रची बायको. तो अकोल्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा, ती मठाच्या कॉलेजात तासिकेवर. वर्षानुवर्षं तासिकेवर. अकोल्याला येते म्हटली असती तर आली असती, पण सासऱ्याला लकवा झाला आणि ती इथंच राहिली. बाबांना ऊठबस करवणं, भरवणं, पुसणं सगळं तिनंच केलं, आणि गजेंद्र शनिवारी येऊन रविवारी जायचा. एकदा तरी तिच्या पदरात काही पडावं असं त्याला मनापासून वाटायचं. ते खोटं नव्हतं. म्हणून तर हे इतकं अवघड झालं होतं.

संध्याकाळी पायलनं त्याला मागच्या अंगणात गाठून विचारलं, की शिवमला जोडे घालायचं बाबांच्या मनात आहे ना? नसेल तर तिला ती नोकरी नको. गजेंद्र म्हणाला, आहे.

झोपायच्या आधी त्यानं जोडा शेवटचा सुलटा केला आणि पाट बाबांच्या हाताला पोचणार नाही इतका दूर सरकवला. सकाळी मठाची माणसं आली, दारातूनच बघून हात जोडून गेली.

यातली खरी गंमत वेगळीच होती. मध्ययुगातल्या युरोपातले राजबिशप हा गजेंद्रचा वर्गातला हातखंडा विषय. धर्मगुरूही तेच आणि प्रदेशाचे राजेही तेच. एका हातात धर्मदंड, दुसऱ्या हातात तलवार. लग्न करायचं नाही, म्हणून गादी पुतण्याला. कुणा सरदाराचं बारा वर्षांचं पोर एकदम बिशप व्हायचं, धड प्रार्थना पाठ नाही आणि टोपी डोळ्यांवर घसरतेय! हे सांगताना गजेंद्र डस्टर डोक्यावर धरून ती टोपी घसरवून दाखवायचा, आणि दरवर्षी वर्ग हसून लोटपोट व्हायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण काही उगाच झाली नाही.

मठाच्या आवारात मांडव घातला होता. गजेंद्रनं बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि थंडी नसताना त्यांच्याभोवती शाल गुंडाळली. उजवा हात बाहेर ठेवला. डावा आत घेतला आणि शालीचं टोक खुर्चीच्या दांड्याखाली घट्ट खोचलं.

"वारा लागते," तो आईला म्हणाला. तिनं विचारलं नव्हतं.

शिवम गादीवर बसला होता. पाय पुढे सोडलेले. घोट्याच्या वर मोज्यांच्या काठाचा वळ अजून गेलेला नव्हता. बायकांच्या रांगेत त्याची बायको प्राजक्ता उभी होती. आता तिनंही इतरांसारखं त्याच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. ती कुणाकडेच बघत नव्हती.

कारभाऱ्यानं रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, हे घर राजी आहे का? ह्याला तोंडी उत्तर नसतं. जोडा पायात घालायचा, हेच उत्तर. गजेंद्र खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्यानं बाबांचा उजवा हात उचलला. हात जड होता. ह्याच हातानं त्यांनी त्याला पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं, असंच बोटांवर बोटं धरून. बाबांची बोटं वळत नव्हती. गजेंद्रनं ती आपल्या बोटांनी जोड्याच्या टाचेवर दाबून धरली आणि जोडा शिवमच्या पायात सारला. शालीच्या आत काहीतरी हललं, ओढलं गेलं, पुन्हा ओढलं गेलं. गजेंद्रनं तिकडे पाहिलं नाही. दुसरा जोडाही त्यानं तसाच घातला. डफडं वाजलं आणि लोकांनी जयजयकार केला.

आता हात धुवायचा होता. ज्या हातानं जोडा घातला, तो मठाच्या चेल्यानं धुवायचा, ही रीत. नत्थुजी तांब्या आणि घंगाळ घेऊन आला. तोच नत्थुजी. चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही. इतक्या वर्षांत लोकांचे हात-पाय धुतले, त्यातलाच हा एक. तो खुर्चीसमोर उकिडवा बसला आणि त्यानं बाबांच्या हातासाठी घंगाळ पुढे सरकवलं.

तोवर शालीतून डावा हात सुटला होता. बाबांनी त्या हातानं आपला उजवा हात उचलला, छातीशी घेतला आणि वरून डावा पंजा ठेवला. लहान लेकरू हातातली वस्तू द्यायला तयार नसतं तसं.

नत्थुजीनं ते पाहिलं. मग त्यानं घंगाळ सरकवून गजेंद्रच्या पुढ्यात ठेवलं.

"आना गजूभाऊ. ज्या हातानं घातला तोच धुवा लागते."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलट काही बोलता तरी आलं असतं. साऱ्या गावासमोर गजेंद्रनं हात पुढे केले. लोकांना वाटलं म्हातारा थकला, लेकानं रीत पुरी केली. मागून कुणीतरी म्हणालंही, लेक असावा तर असा. नत्थुजीनं पाणी घातलं आणि आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्याचं एकेक बोट पुसलं. गजेंद्रला त्या क्षणी इतकी लाज वाटली की हात तिथंच सोडून निघून जाता आलं असतं तर तो गेला असता.

घरी आल्यावर आई परसात पाट घासताना दिसली. पाटावर तेलाचे डाग पडले होते. तेल जोड्याच्या वरच्या अंगाला लावतात, तळाला कुणी लावत नाही. पाटाला तेल लागलं ते जोडा पालथा होता म्हणूनच, आणि हे त्याच्या आईला, इंदूबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती राख लावून घासत राहिली, आणि गजेंद्र जवळ येऊन उभा राहिला तरी तिनं मान वर केली नाही.

"डाग निघून राहिला," ती म्हणाली. "पायलले काई सांगू नको. तिचं मन भोळं हाय."

जूनमध्ये पायलची ऑर्डर आली. तिनं पेढे आणले, देवासमोर ठेवले आणि पहिला बाबांना भरवला. बाबांनी तिच्या हातून सावकाश खाल्ला, डाव्या हातानं तिच्या डोक्याला स्पर्शही केला. ती तिथंच बसून रडली. मग गजेंद्रनं पेढा पुढे केला. बाबांचं तोंड मिटलेलंच राहिलं.

"पोट भरलं असन त्याईचं," पायल डोळे पुसत म्हणाली.

तो पेढा गजेंद्रच्या हातात बराच वेळ तसाच होता.

सुट्ट्यांनंतर अकोल्याला वर्ग सुरू झाले आणि राजबिशपांचा धडा आला. वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगून ठेवलं असावं, कारण पोरं आधीच खुदखुदत त्याच्या डस्टरकडे बघत होती. गजेंद्रनं डस्टर उचललं नाही. धर्मदंड आणि तलवार सांगून झाली, पुतणे सांगून झाले, बारा वर्षांच्या पोराशी येऊन तो थांबला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची दामिनी उभी राहिली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"सर, पण त्या मुलाला निवडत कोण होतं?"

"तिथल्या मोठ्या चर्चमधली मंडळी," गजेंद्र म्हणाला. "शिकलेली. चांगल्या घरची."

"त्यांना दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं."

"मग एकानंही नाही म्हटलं नाही?"

वर्गात गजेंद्र नेहमी पुस्तकी मराठी बोलायचा. पोरांनी त्याच्या तोंडून गावची बोली कधी ऐकली नव्हती.

"म्हटलं न एकानं," तो म्हणाला. "पण त्याले बोलता येत नव्हतं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सरांची गंमत सुरू झाली असं त्याला वाटलं असणार. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा तोही थांबला. दामिनी पेन उघडून वहीवर वाकली होती.

"त्याचं नाव, सर?"

गजेंद्रनं डस्टर घेतलं आणि तो फळा पुसू लागला. फळ्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.