विनीतच्या निवडुंगाला काय काय घातलं

विनीतचा आवाज, एक्केचाळीस सेकंद:

"सलू, ऐक. आधी साधं पाणी. खत दुसऱ्या दिवशी. बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं, आणि त्या निम्म्याचंही निम्मं. ड्रॉपर माझ्या खणात आहे. लिटरभर पाण्यात दहा थेंब. महिन्यातून एकदा, बस. लाड करू नकोस. फुगतो तो."

दहा थेंब घातले. एकदाच.

विनीत माझा नवरा. परळच्या एका हॉस्पिटलात काचेमागच्या खोलीत आहे. बोन मॅरोचं ट्रान्सप्लांट झालंय. आमच्या लालबागच्या चाळीपासून चालत अकरा मिनिटं. आत जाता येत नाही. फोनवर दिसतो. केस नाहीत, भुवया नाहीत. हे मी सांगते तेव्हा लोक माझ्या तोंडाकडे बघतात. तोंडावर काही नसतं.

त्याला आत नेलं तेव्हा त्याने मला काही सांगितलं नाही. निवडुंगाबद्दल सांगितलं.

निवडुंग: गोल, नारळाएवढा. गॅलरीत, दाराच्या उजव्या हाताला. रोज सकाळी अकराच्या आत त्याचा फोटो पाठवायचा. अकराला डॉक्टर पेशींचा आकडा सांगायला येतात. त्याआधी त्याला तो बघायचा असतो.

"का?"

"आकडा मला कळत नाही. हा कळतो."

विनीत छपाईच्या प्रेसमध्ये रंग जुळवतो. जुळवायचा. जुळवतो.

आता आई.

आई म्हणजे विनीतच्या आई, लक्ष्मी. पहिल्याच दिवशी त्या पेजेचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेल्या. सिस्टर म्हणाली, आजी, बाहेरचं काही चालत नाही, सगळं आतल्या किचनमधून येतं, सील करून. डबा परत आला. पेज टाकायची कुठे? टाकली नाही. कुंडीत गेली.

मला हे माहीत नव्हतं. मी ऑफिसात होते.

मग तांदळाचं धुवण. उकळून घेतलेली चहाची पावडर. अंड्याची टरफलं, कुटून. आणि रविवार, बुधवार, शुक्रवार मासळी धुतलेलं पाणी. ते पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, ही सासरची पद्धत. कढीपत्ता त्यावरच वाढलाय. जास्वंदसुद्धा.

एका बुधवारी मी घरी होते. आई टोप घेऊन बाहेर आल्या. शेजारची प्रिती दारातूनच ओरडली.

"काकी, परत? मांजरांचं संमेलन भरतं हो इथे!"

"तुझ्या दारात भरता काय? मगे?"

"आई, ह्याला नका घालू," मी म्हटलं. "हा वाळवंटातला आहे."

"वाळवंटातलो म्हणून उपाशी ऱ्हवतलो?" आई ओतत राहिल्या. "विनूक थय पाकिटातला जेवण. ह्येका तरी घरचा मिळांदे."

मी टोप हातातून काढून घ्यायला हवा होता. घेतला नाही. मी बघत उभी राहिले, जसं कोणी दुसऱ्याच्या घरातला टीव्ही बघतं.

शनिवारी निवडुंग कलला. बुडाशी तपकिरी झाला होता. दोन काट्यांच्या मधे बोट लावलं, ते आत गेलं. पिकल्या चिकूत जातं तसं.

नेटवर सात जणांनी सात उपाय सांगितले. खरा उपाय ज्याला माहीत, त्याला विचारता येत नव्हतं. त्याला सांगायचं तर सांगायचं काय? तुझ्या आईने मारला? आणि आईंना?

तेव्हा मी जुना फोटो पाठवला. रविवारी दुसरा जुना. सोमवारी तिसरा.

(इथे मला काहीतरी वाटायला हवं होतं. जागा सोडून ठेवते.)

मंगळवारी फोन. दहा वाजून वीस मिनिटं.

"सलू, हा फोटो आजचा नाही."

"आजचाच."

"उजेड डाव्या बाजूने आहे. समोर टॉवरच्या बांधकामाला जाळी लागली तेव्हापासून डावीकडून उजेड येत नाही. मला रंग दिसतात गं अजून. कधी मेला?"

"मेला नाही. सडलाय. खालून."

मशीनचा टिक टिक आवाज.

"तू खत किती घातलंस?"

दहा थेंब, असं म्हणणार होते. मागे आई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"मीच घातलंय," त्या फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाल्या. "पेज घातलंय, मासळेचा पाणी घातलंय. तिका काय बोलू नको."

"मासळीचं?" विनीत म्हणाला. "कसली मासळी?"

"बांगडो. एकदा कोळंबी."

विनीत हसायला लागला. आवाज न करता, भुवया नसलेलं तोंड हलत होतं. मग खोकला आला. कोणीतरी बाजूने म्हणालं, बस झालं आता. तो हाताने नाही नाही करत होता.

"कोळंबी! आणि मी इकडे उकडलेला दुधी खातोय." मग एकदम, "सुरी गरम पाण्यातून काढ. सलू, फोन कशाला तरी टेकवून ठेव. आई, तू निवडुंग धर. नॅपकिन घे, काटे आहेत."

धरला. मी कापला. आडवा, बुडापासून दोन बोटं वर.

"आतला रंग सांग. कॅमेऱ्यावर विश्वास नाही माझा."

"तपकिरी."

"कसला? चहाचा की गुळाचा?"

"गुळाचा."

"अजून वर."

चकती पडली. वास आला.

"आता?"

"चहाचा. दुधाच्या चहाचा. मधोमध."

"अजून वर."

तिसरी चकती. चौथी. पेपरवर चकत्या साठत होत्या. आई प्रत्येक चकतीकडे बघत होत्या. पाचवीला मी थांबले. उरलेला भाग लिंबाएवढा होता.

"सांग."

पांढरट हिरवा, कुठेही ठिपका नाही. काकडीच्या आतला. मी तसं सांगितलं. माझा आवाज नीट निघाला नाही. का ते माहीत नाही, काकडीत रडण्यासारखं काही नसतं.

"नक्की?"

"नक्की."

"मग थांब. आता त्याला उघड्यावर ठेवायचा, सावलीत. माती नाही, पाणी नाही. दहा-पंधरा दिवस. कापलेली बाजू सुकून घट्ट झाली पाहिजे, तरच मुळं धरेल. धरेलच असं नाही."

मागे दार उघडल्याचा आवाज झाला. "डॉक्टर आले," तो म्हणाला. फोन बंद.

आई नॅपकिनमधला तो लिंबाएवढा तुकडा धरूनच उभ्या होत्या.

"आता तेका काय देवचा?"

"काही नाही, आई."

"पाणी?"

"पाणीपण नाही."

"दहा दिवस?"

"पंधरासुद्धा लागतील."

त्यांनी तुकड्याकडे पाहिलं. मग गॅलरीत वर, मीटरच्या पेटीकडे. तुकडा माझ्या हातात दिला. काटे टोचले.

"थय वर ठेव," त्या म्हणाल्या. "माझो हात पोचाक नको."

मी स्टूल आणलं.